देवीनं परत धाडलेलं तांबं

गुरुदास खवणेकर वर्गात शिरला की फळ्याकडे न जाता आधी मुलांवरून नजर फिरवायचा आणि विचारायचा, "गेलं कोणाचं? मिळालं कोणाला?" बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, शाळेत चोरी झालीय आणि हा पंचनाम्याला आलाय. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचो. आमच्या दोन वर्गांमध्ये धड भिंत नव्हती, माडाच्या झापांचा आडोसा होता. त्यामुळे माझ्या मुलांचा एक कान कवितेत आणि दुसरा त्या चोरीत. मी चिडून मुख्याध्यापकांकडे तक्रारही केली होती. पण कानावर पडत राहिलेलं डोक्यात शिरतंच. साताऱ्याकडून मालवणात आलेला, रसायनातलं ढिम्म न कळणारा मी, ऑक्सिडीकरण आणि क्षपण हे दोन शब्द त्या झापांपलीकडूनच शिकलो.

त्याची रीत साधी होती. काळा कॉपर ऑक्साइड कोळशाच्या भुकटीबरोबर नळीत तापवायचा आणि तळाशी लालसर तांबं दिसायला लागलं की नळी उंच धरायची. "प्राणवायू गेला कोणाचा?" मुलं ओरडायची, "कॉपर ऑक्साइडचा!" "म्हणजे त्याचं क्षपण. मिळाला कोणाला?" "कोळशाला!" "म्हणजे कोळशाचं ऑक्सिडीकरण. आणि एक ध्यानात ठेवा, ही दोघं कधी एकेकटी येत नाहीत. एकाचं गेल्याशिवाय दुसऱ्याला मिळत नाही."

मग मोरचुदाच्या, म्हणजे कॉपर सल्फेटच्या, निळ्या पाण्यात लोखंडी खिळा सोडायचा. तास संपेपर्यंत खिळ्यावर तांबडा थर चढायचा आणि मुलं टाळ्या पिटायची, खिळ्याचं तांबं झालं म्हणून. गुरुदास त्यांना तिथे थांबवायचा. "इथे प्राणवायू नाही, पण देणंघेणं आहेच. लोखंड आपल्याकडचे इलेक्ट्रॉन देऊन टाकतं, मोरचुदातलं तांबं ते घेतं. देतो त्याचं ऑक्सिडीकरण, घेतो त्याचं क्षपण. तेव्हा चकाकतंय कोण ते बघू नका रे. झिजलंय कोण ते बघा."

हे वाक्य तो दरवर्षी म्हणायचा. १९५६ सालापासून मी ते ऐकत होतो. पुढे त्या वाक्याची मला भीती वाटायला लागली.

गुरुदास दर्यावर्दी घरातला. किनाऱ्यालगतच्या त्यांच्या वाडीत बी.एस्सी. झालेला तो पहिलाच. बाप तो लहान असताना दर्यात गेला. थोरल्या शिवाने वल्हं हातात घेतलं म्हणून धाकट्याच्या हातात पुस्तक आलं, हे गुरुदास कोणालाही न विचारता सांगायचा. शिवा हा अंगाने दणकट, बोलायला मोजका आणि धाकट्याच्या बाबतीत अगदी हळवा माणूस. मासे घेऊन बंदरावर आला की शाळेच्या कुंपणाशी उभा राहून भाऊ शिकवतो कसा ते ऐकायचा. एकदा मी त्याला म्हटलं, "आत येऊन बसा की." तर म्हणाला, "नको मास्तर, आंगाक मासळीचो वास येता." आणि हसून निघून गेला.

आणि त्यांची आई तुळसा. बाजारात तिचा आवाज माशाच्या वासाआधी पोचायचा. मी घाटावरचा म्हणून माझं नाव तिने 'घाटी मास्तर' ठेवलं होतं आणि मी त्यांच्या घरी गेलो की सुनेला, म्हणजे गुरुदासच्या बायकोला, सुगंधाला, हाक मारून सांगायची, "सुगंधा, ह्या घाटी मास्तराक पेज वाढ गो. हाडा दिसतत बघ." मला ती बाई फार आवडायची, हे इथेच सांगून टाकतो.

त्या घरात एक गोष्ट पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत भरली. वापरात तांब्याचं भांडं औषधालासुद्धा नव्हतं. पाणी जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या तपेल्यात, आंघोळीला पत्र्याची बादली. कोकणातल्या घरात हे नवल. मी गुरुदासला विचारलं तर तो म्हणाला, "गेलं ते होडीवर, उरलंय ते होडीसाठी."

त्याचं असं झालं होतं. नवरा गेल्यावर शिवा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, होऊन स्वतःची होडी घेऊन निघाला, त्या वर्षी तुळसाने गावच्या सातेरीदेवीला नवस बोलला. माझ्या शिवाला दर साली सुखरूप परत आण, दर साली माझ्या घरातलं तांबं मी तुझ्या नावाने होडीला लावीन. नवऱ्याच्या होडीला काही लावलं नव्हतं म्हणून ती गेली, असं तिच्या मनाने घेतलं होतं. मग ती दर नारळी पौर्णिमेआधी लग्नात मिळालेल्यांपैकी एक भांडं तांबटाकडे न्यायची, त्याच्या पट्ट्या कापून घ्यायची, आणि किनाऱ्यावर नारळ फोडून, गाऱ्हाणं घालून, होडीच्या नाळेवर ती पट्टी ठोकली जायची. होडीचं पुढचं उभं टोक ते नाळ. गावचा मानकरी गाऱ्हाणं घालायचा, वाडी 'व्हय म्हाराजा' म्हणायची, आणि तुळसा डोळे मिटून दोन्ही हातांनी पट्टी चाचपायची. पहिल्या वर्षी तांब्या, पुढे तपेली, मग घंगाळ. बंब गेला त्या वर्षी सुगंधा थोडी कुरकुरली, तर सासू म्हणाली, "माझो झील दर्यावर असता. देवीक रिकाम्या हातान सांगूक बरां दिसता?"

ही त्या एकाच घराची रीत होती. वाडीतले लोक थट्टाही करायचे, खवणेकरांची होडी सोन्याची म्हणून. आणि शिवा दर साली परत येत होता. त्यामुळे थट्टा हळूहळू कमी होत गेली.

पट्ट्या वरून खाली लावत नेल्या होत्या. नाळेच्या शेंड्याकडची जागा भरली, मग त्याच्या खालची. वर्षं जात गेली तसतशी पट्टी उतरत उतरत पाण्याच्या रेषेखाली गेली आणि तळाच्या जाड लाकडाला, ज्याला ते लोक पठाण म्हणतात, तिथवर पोचली. तळाच्या फळ्या पठाणाला जिथे लोखंडी खिळ्यांनी जखडलेल्या होत्या, तिथे खिळ्यांच्या माथ्यांवरून ती तांब्याची पट्टी गेली. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की बाकीच्यांचे खिळे तपासले जात, सैल झालेले बदलले जात. खवणेकरांच्या होडीचे तेवढे खिळे कोणी तपासले नाहीत. नवसाची पट्टी उचकटून खाली बघायची कोणाची छाती होणार?

गुरुदासने बघायला हवं होतं. पण तो त्या वर्षांत पुरता शाळेचा झाला होता. नारळी पौर्णिमेला सुट्टी असली तरी प्रयोगशाळेतल्या बाटल्या लावत बसायचा. गाऱ्हाण्याला उभा राहायचा तो लांब, मास्तर म्हणून. १९६० च्या दिवाळीत शिवाने त्याला सांगितलं होतं, होडी हल्ली तळातून पाणी जास्त घेते. गुरुदास म्हणाला, डांबर-काथ्या भरून घे. शिवाने भरून घेतलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. शेकडो मुलांना लोखंड कसं जातं ते शिकवणाऱ्याच्या घरचं लोखंड त्याच वेळी पाण्याखाली जात होतं.

शिमग्याच्या आधी होडी गेली. वादळ नाही, वारा नाही, तळपत्या उन्हात, किनारा डोळ्यांना दिसत असताना. शिवाबरोबर तिघे होते, तिघेही पोहत दुसऱ्या होडीपर्यंत पोचले. त्यातला बाबू नावाचा जवान गडी शाळेत येऊन गुरुदासला सांगत होता तेव्हा मी शेजारी उभा होतो.

"वारो नाय, वादळ नाय, मास्तर. पायाखालची फळी सुटली. जुन्या चपलेचो तळ सुटता, तशी. शिवान आमका म्हटल्यान, उडये मारा. आणि तो आपण बुडी मारून फळी लावूक खाली गेलो." मग म्हणाला, "तो वर येवक नाय."

धाकट्याचं लग्न झालं तरी शिवाचं अजून ठरायचं होतं. त्याचं शरीर मिळालं नाही. चार दिवसांनी दांडी नावाच्या किनाऱ्याला होडीचं पुढचं तोंड लागलं, नाळ आणि पठाणाचा तुकडा, आणि त्याला दोन फळ्यांचे तुटके भाग. बाकी काही नाही.

आणि त्या लाकडावर सगळी तांब्याची पट्टी जशीच्या तशी होती. पाण्याखालचा भाग तर असा लख्ख, जणू कोणी चिंच लावून आत्ताच घासलाय. वाडी गोळा झाली. तुळसा आली. तिने ते ओलं लाकूड मांडीवर ओढून घेतलं आणि म्हणाली, "देवीन माझा तांबां परत धाडल्यान. माझो शिवा ठेवून घेतल्यान." त्यानंतर ती जे रडली ते मी लिहू शकत नाही. मला तिथे उभं राहवेना म्हणून मी बाजूला जाऊन वाळूत बसलो.

परत आलो तेव्हा गुरुदास त्या लाकडाजवळ गुडघ्यांवर बसला होता. पट्टीची एक कड सुटली होती. त्याने ती थोडी वर केली. खाली खिळे हवेत तिथे काळी भोकं होती. एका भोकात त्याने करंगळी घातली, ती सहज आत गेली आणि बाहेर आली ती काळपट चिखलाने माखून. भोवतीचं लाकूड भुसभुशीत झालं होतं. त्याने पट्टी पुन्हा खाली दाबली आणि कोणी बघितलं का म्हणून चोरट्यासारखं वर पाहिलं. मी बघितलं होतं.

बारावं झाल्यावर तो शाळेत आला. त्याने काचेच्या दोन बरण्या घेतल्या, दोन्हीत समुद्राचं पाणी भरलं. एकीत नुसता लोखंडी खिळा टाकला, दुसरीत तसाच खिळा, पण अंगाला तांब्याची तार गच्च गुंडाळून. बरण्या प्रयोगशाळेच्या खिडकीत ठेवल्या. दर शनिवारी पाणी बदलायचा. मी विचारलं तेव्हा त्याने सांगितलं. असं वाईट सांगणं मी आयुष्यात पुन्हा ऐकलेलं नाही.

"खाऱ्या पाण्यात लोखंड एकटं असलं तरी गंजतं, पण सावकाश. त्याला तांबं चिकटलं की तांबं दलाली करतं. लोखंडाकडून इलेक्ट्रॉन घ्यायचे आणि पाण्यातल्या प्राणवायूला पोचवायचे. लोखंड देत सुटतं. प्राणवायूला मिळत जातं. आणि मधल्या तांब्याचं काही जात नाही. लोखंड मरतंय तोवर तांब्याला धक्का लागत नाही. म्हणून ती पट्टी लख्ख होती." मग तो म्हणाला, "पट्टी जोवर पाण्याच्या वर होती तोवर ठीक होतं. आईने नवस फेडत फेडत ती खाली आणली. आणि मी शाळेत खिळा दाखवून टाळ्या घेत होतो."

"तुळसाबाईंना सांगणार आहेस?" मी विचारलं.

"काय सांगू? तुझ्या नवसाने तुझा मुलगा बुडाला म्हणून? नाही. हे इथेच राहील."

मलाही ते पटलं. मेलेला माणूस परत येणार नव्हता. मग म्हाताऱ्या आईच्या काळजात सुरी कशाला? मी म्हटलं, राहू दे. आम्ही दोघांनी ठरवलं खरं, पण आमच्या ठरवण्याला वाडीत विचारतो कोण!

झालं असं, की ते लख्ख तांबं वाडीच्या मनात भरलं. एवढी होडी फुटली आणि नवसाच्या पट्टीला ओरखडा नाही, म्हणजे देवीने खूण दिली. खवणेकरांचं तांबं अर्धवटच लागलं होतं, नाळेपासून पठाणाच्या तोंडापर्यंतच. पुरतं लागलं असतं तर होडी सांभाळली गेली असती. असा हिशेब दाजी तांडेलाने मांडला. दाजी हा वाडीतला सर्वांत जाणता माणूस, त्याचा शब्द खाली पडत नसे. त्याने ठरवलं, या नारळी पौर्णिमेला वाडीतल्या सगळ्या होड्यांना पठाणभर तांबं मारायचं. तांबट रात्रंदिवस कामाला लागला. घराघरांतून हंडे-कळश्या निघाल्या.

आणि तुळसा? ती पुत्रशोकातून उठून बसली ती यासाठी. त्या लाकडाच्या नाळेवरची तेवढी आपली पट्टी काढून घेऊन ती घरोघर फिरत होती, प्रत्येकाला बोटभर तुकडा देत होती. "हो माझ्या शिवाचो तुकडो. आधी हो मारा, मगे तुमचो." शिवा गेल्यापासून तिच्या तोंडावर पहिल्यांदाच थोडं तेज आलं होतं. माझा गेला, पण तुमचे राहतील, असं तिला वाटत होतं. सुगंधा मला म्हणाली, "आता कुठे त्या दोन घास जेवूक लागल्यानी, मास्तर."

गुरुदासची जी अवस्था झाली ती मी रोज बघत होतो. बोलावं तर आईला मारायचं. गप्प राहावं तर वाडीतल्या होड्या एक एक करून तशाच भर उन्हात तळ सोडणार, आणि त्यांच्यात बाबू असणार, बाबूसारखे कितीतरी असणार. आधी त्याने आडून प्रयत्न केला. दाजीकडे जाऊन म्हणाला, पट्टी वर मारा, पाण्याखाली नको. दाजीने विचारलं, का? त्याला 'का' सांगता येईना. दाजी म्हणाला, "मास्तर, शाळेत तुमका काय शिकवूचा ता शिकवा. होडी आमची." परत येताना गुरुदास मला म्हणाला, "मला वाटत होतं मी काहीतरी पळवाट काढीन."

"नाहीच निघत रे," मी म्हटलं. "सांगावं लागेल."

नारळी पौर्णिमेच्या सकाळी किनाऱ्यावर होड्या ओळीने उभ्या होत्या, पट्ट्या आणि हातोडे तयार होते. मानकरी गाऱ्हाण्याला उभा राहणार तोच गुरुदास दोन बरण्या छातीशी धरून आला. त्याच्या मागून मी ते होडीचं लाकूड ओढत आणलं. मला बघून लोक हसले, घाटी मास्तराला आज काय सुचलं म्हणून. गुरुदासने पहिल्या बरणीतला खिळा काढून दाजीच्या तळहातावर ठेवला. वरून तांबूस गंज, पण खिळा शाबूत. मग दुसरीतला काढला. तारेच्या वेटोळ्यात दाभणाएवढी काडी उरली होती, दाजीने बोटांत धरली तशी ती मोडली.

"दाजी, दोनय खिळे एकाच दुकानातले, एकाच दर्याच्या पाण्यात, शिमग्यापासून," गुरुदास म्हणाला. "हो एकटो होतो. हेच्या आंगाक तांबां होता. आता ह्या बघा." त्याने त्या लाकडाच्या तळाची पट्टी वर करून खालच्या भोकात करंगळी घातली. मग दाजीला घालायला लावली. मग बाबूला.

बाबू करंगळीकडे बघत राहिला. लोक एकमेकांकडे बघायला लागले. त्या सर्वांच्या पाठीमागे तुळसा उभी होती. ती पुढे आली. लोकांनी वाट दिली.

"गुरू," ती म्हणाली, "म्हणजे माझ्या पट्टयेन शिवाची होडी खाल्ल्यान?"

सहा महिने जे तोंडात धरून ठेवलं होतं ते आता इतक्या लोकांसमोर त्याला गिळता येणार नव्हतं. "पट्टयेचो दोष नाय, आये," तो म्हणाला. "माका कळाक व्हया होता. माका म्हायत होता. मी बघलंय नाय."

"तुका इचारलंय ता सांग. पट्टयेन?"

"व्हय," गुरुदास म्हणाला.

तुळसाने मान हलवली. तिने लाकडावर हात टेकला, पण तांब्यावर नाही, त्या काळ्या भोकांवर. मग वळून चालत घरी गेली. त्या बाईने मोठ्याने आक्रोश केला असता, गुरुदासच्या तोंडात मारली असती, तर मला बरं वाटलं असतं. दाजीने हातातला हातोडा खाली ठेवला. त्या वर्षी कोणी पट्टी मारली नाही. गाऱ्हाणं झालं, नारळ पाण्यात सोडले गेले, होड्या दर्यावर गेल्या आणि पुढच्या पावसाळ्याआधी सगळ्या परत आल्या.

वाडी वाचली म्हणा. याबद्दल गुरुदासचे कोणी आभार मानले नाहीत आणि तुळसाला कोणी दोष दिला नाही. लोक तिच्याशी पूर्वीपेक्षा जास्तच गोड बोलायला लागले, आणि ते तिला सहन होईना. तिने बाजारात बसायचं सोडलं.

आणि तिने देवीला हात जोडायचे सोडले. आधी आम्हाला वाटलं, देवीवर रागावली असेल. बाईला मुलगा गेल्यावर देवीवर रागवायचा हक्क आहे. पण राग नव्हता. तिला भीती बसली होती. संध्याकाळी सुगंधा तुळशीपुढे दिवा लावायची तेव्हा म्हातारी हात पदराखाली घेऊन आत निघून जायची. कोणाचं मूल आजारी आहे, जरा देवाला सांगा म्हटलं की कानांवर हात ठेवायची. "माझा सांगणा नको," म्हणायची. "माझ्या मागण्यान माणसा जातत." गुरुदास तिला पुन्हा पुन्हा समजवायचा. तांबं आणि लोखंड, खारं पाणी, देणारा कोण, घेणारा कोण. ती शांतपणे ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "व्हय. पण तांबां लावलेला कोणी?"

परत मिळालेल्या पट्टीचा एक तुकडा घरात खुंटीला टांगलेला होता. तो खाऱ्या वाऱ्याने हळूहळू काळा पडला, मग हिरवा. तुळसाला तांबं असं राहिलेलं कधी खपलं नसतं. पूर्वी आमसुलं लावून ती भांडी अशी घासायची की त्यात तोंड दिसावं. आता तिने त्या तुकड्याला हात लावला नाही.

गुरुदास शिकवत राहिला. तो धडा त्याने टाळला नाही, हे मला त्याच्याबद्दल सांगायलाच हवं. उलट मुलांना किनाऱ्यावर नेऊन होड्यांचे तळ दाखवायचा, कुठे तांबं, पितळ लोखंडाला टेकलंय ते शोधायला लावायचा. फक्त खिळ्याला तांबडा थर चढला आणि मुलांनी टाळ्या वाजवल्या की तो आता त्यांना काही म्हणत नसे. झापांच्या अलीकडे मी ते वाक्य येईल म्हणून थांबायचो. ते आलं नाही.

१९६६ च्या पावसाळ्यात त्याला कावीळ झाली. डोळे, नखं पिवळीधमक. गावचं औषध झालं, सावंतवाडीच्या डॉक्टरांचं झालं. ताप चढला तेव्हा तो दोन दिवस माणसं ओळखत नव्हता. तिसऱ्या दिवशी शुद्धीवर आला. उशाशी तुळसा बसली होती, हातांच्या मुठी मांडीखाली दाबून, जणू हात चुकून जोडले जातील. मी पायथ्याशी होतो.

"आये," गुरुदास म्हणाला, "माझ्यासाठी एक नवस बोल."

मी चमकलो. देवळात कधी न जाणारा हा माणूस. पण त्याच्याकडे बघितल्यावर मला समजलं. त्याला नवस नको होता. किनाऱ्यावर त्याने जे आईकडून काढून घेतलं होतं ते त्याला परत द्यायचं होतं, आणि ते द्यायला त्याच्याकडे हा एकच रस्ता उरला होता.

"नाय," तुळसा म्हणाली.

"नारळाचो बोल. नुसतो हात जोड. माका बरां वाटात."

"नाय रे बाबा. तुझ्यासाठी तरी नाय." आणि ती उठून बाहेर पडवीत जाऊन बसली. पाऊस अंगावर येत होता तरी ती हलली नाही.

गुरुदास बरा झाला. भाद्रपदात त्याच्या डोळ्यांतला पिवळेपणा गेला, त्याने पेज सोडून भात खाल्ला. मी अगदी मोकळ्या मनाने तुळसाबाईंना म्हटलं, "बघितलंत, देवीने वाचवलं." तिने माझ्याकडे असं पाहिलं, की घाटी मास्तर तो घाटी मास्तरच राहिला.

"देवीन नाय," ती म्हणाली. "मी काय मागूक नाय, म्हणान तो वाचलो."

आतल्या खोलीत गुरुदासने हे ऐकलं. आता तर तिच्याकडे पुरावाही होता.

शाळेत परत जायच्या दिवशी मी त्याला न्यायला गेलो होतो. अंगावरचा सदरा ढगळ झाला होता. सुगंधाने हातावर दही-साखर दिली. तो आईपुढे गेला आणि पाया पडायला वाकला, जसा शाळेत पहिल्यांदा गेला तेव्हा वाकला असेल, कॉलेजात जाताना वाकला असेल. तुळसा झटकन मागे सरली, भिंतीला पाठ लागेपर्यंत. तिने पदराचा बोळा करून तोंडावर घट्ट धरला.

"पाया पडू नको," ती पदराआडून म्हणाली. "तोंडातून आशीर्वाद जायत."

गुरुदास वाकलेला तसाच थोडा वेळ राहिला. मग सरळ उभा राहिला, छत्री घेतली, आणि आम्ही दोघे शाळेकडे चालायला लागलो. तुळसा त्यानंतर सहा वर्षं जगली, आणि त्या सहा वर्षांत तिने आपल्या उरलेल्या एकुलत्या एका मुलाला एकदाही 'सुखी राहा' म्हटलं नाही.